जुन्या शेर्मन किटवरील बारीक बाह्य तपशील कसे बसवावेत

तामिया या जपानी कंपनीचे एम४ए३ शेर्मन रणगाड्याचे १/३५ प्रमाणातील किट १९८१ साली बाजारात आले. त्याचा मूळ आकार चांगला आहे, भाग एकमेकांत नीट बसतात आणि त्यांची संख्या नवशिक्याला घाबरवणारी नाही. तरीही सूचनापत्राप्रमाणे जोडून रंगवलेले हे मॉडेल अलीकडच्या किटशेजारी ठेवले की खेळण्यासारखे दिसते. भाग कमी असल्यामुळे असे होते, असा अनेकांचा समज असतो आणि मग ते महागडे धातूचे सुटे संच विकत घेतात. माझ्या मते दोष दुसरीकडे आहे. जुन्या साच्यातील बारीक वस्तू प्रमाणापेक्षा फार जाड असतात, आणि त्या रणगाड्याला कशाने धरून ठेवल्या आहेत हे साच्यात दाखवलेलेच नसते. खऱ्या रणगाड्यावर प्रत्येक वस्तू कोणीतरी वेल्ड केलेली, बोल्टने आवळलेली किंवा पट्ट्याने बांधलेली असते. जुन्या किटमध्ये मात्र फावडे डेकवर, म्हणजे रणगाड्याच्या वरच्या सपाट पत्र्यावर, नुसते टेकलेले असते आणि दिव्याभोवतीचे गार्ड पत्र्यातून उगवल्यासारखे वाटते. म्हणून पुढे येणाऱ्या प्रत्येक तपशिलाबाबत दोन प्रश्न विचारावेत: याची खरी जाडी किती असावी, आणि हे कशाने धरलेले आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे नीट दिली, तर घरात आणि जवळच्या दुकानांत मिळणाऱ्या साहित्यातूनही हे मॉडेल पुष्कळ सुधारते.

आधी रणगाडा समजून घ्यावा

या किटमध्ये मोठ्या हॅचचा (हॅच म्हणजे सैनिकांनी आत-बाहेर करायचे झाकण), ७५ मिलिमीटर तोफेचा उत्तरकालीन एम४ए३ दाखवला आहे. असे रणगाडे अमेरिकेत १९४४-४५ मध्ये फिशर कंपनीच्या कारखान्यात तयार झाले. त्यांचे हल, म्हणजे रणगाड्याचे धड, सपाट चिलखती पत्रे वेल्ड करून बनवलेले होते. टरेट, म्हणजे तोफ धरणारा वरचा फिरता बुरूज, आणि पुढच्या बाजूचे गिअरपेटीवरचे गोलसर नाक मात्र ओतीव पोलादाचे होते. हा फरक आधीच लक्षात ठेवावा, कारण पृष्ठभागावर करायचे सगळे काम त्यावर अवलंबून आहे. ओतीव भाग खरखरीत दिसतात, पत्र्याचे भाग गुळगुळीत असतात, आणि दोन पत्रे जिथे मिळतात तिथे वेल्डची जाड रेघ दिसते. अनेक नवशिके उत्साहाच्या भरात सगळ्या रणगाड्यावर खरखरीतपणा चढवतात आणि त्यामुळे एम४ए३ची ओळखच पुसली जाते.

छायाचित्रे जमवताना संग्रहालयातील नव्याने रंगवलेल्या रणगाड्यांपेक्षा युद्धकाळातील छायाचित्रांवर अधिक विश्वास ठेवावा, कारण संग्रहालयातील रणगाड्यांवरचे पट्टे, हत्यारे आणि दिवे बरेचदा गहाळ झालेले किंवा नंतर बदललेले असतात. तरीही खरी वस्तू डोळ्यांसमोर असणे याला पर्याय नाही. महाराष्ट्रातील वाचकांनी अहिल्यानगर येथील कॅव्हलरी टँक म्युझियमला अवश्य भेट द्यावी. तिथे अनेक देशांचे जुने रणगाडे अगदी जवळून पाहता येतात. आपल्याला हवा तोच प्रकार तिथे नसला तरी वेल्डची रेघ किती रुंद असते, उचलण्याची कडी पत्र्याला कशी जोडलेली असते, ओतीव टरेटचा पृष्ठभाग उजेडात कसा दिसतो, हे कोणत्याही जुन्या रणगाड्यावर समजते. भारतीय लष्करातही शेर्मन होते. १९६५च्या युद्धात असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट शेर्मन घेऊन लढली. त्यांपैकी एखादा रणगाडा करण्याची इच्छा असेल, तर तोफेचा प्रकार आणि बाहेरच्या वस्तूंची मांडणी त्याच काळातील छायाचित्रांवरून ठरवावी, कारण त्यांतील काहींवर ७६ मिलिमीटरची लांब तोफ होती आणि हे किट तसे नाही.

पस्तीसने भागावे

काम सुरू करण्यापूर्वी वहीत एक छोटे कोष्टक करून ठेवावे. खऱ्या वस्तूचे मिलिमीटरमधील माप पस्तीसने भागले की मॉडेलवरचे माप मिळते. पकडायच्या कड्यांची सळई साधारण १३ ते १६ मिलिमीटर जाडीची धरली, तर मॉडेलवर ती ०.३७ ते ०.४६ मिलिमीटर येते, म्हणजे ०.४ मिलिमीटरची तार योग्य ठरते. हत्यारे बांधायचा पट्टा २५ मिलिमीटर रुंद असेल, तर मॉडेलवर तो ०.७ मिलिमीटर होतो. टरेटवरच्या ब्राउनिंग मशीनगनचे नळीचे छिद्र १२.७ मिलिमीटरचे, म्हणजे मॉडेलवर ०.३६, हलमधील लहान मशीनगनचे ७.६२ मिलिमीटरचे, म्हणजे ०.२२, आणि तोफेचे ७५ मिलिमीटरचे छिद्र २.१ मिलिमीटर. आता उलटा हिशेब करून पाहावा. किटमधील दिव्याच्या गार्डची पट्टी एक मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या रणगाड्यावर ती ३५ मिलिमीटर जाडीची झाली, आणि इतके जाड लोखंड कोणी दिव्याभोवती लावत नाही. हा उलटा हिशेब एकदा मनात बसला की काय बदलायचे आणि काय तसेच ठेवायचे हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरत नाही.

लागणारे साहित्य

सर्वांत आवश्यक वस्तू म्हणजे धारदार पाते, सरळ टोकाचा चांगला चिमटा, बारीक ड्रिल बिट धरणारा पिन व्हाइस, आणि ४००, ६०० व १००० नंबरचे पाण्यात वापरायचे पॉलिश पेपर. मापासाठी डिजिटल व्हर्निअर असेल तर काम फार सोपे होते. ०.३ ते ०.८ मिलिमीटरचे ड्रिल बिट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सर्किट बोर्डासाठी म्हणून मिळतात. हे कार्बाइडचे बिट धारदार असतात, पण ठिसूळही असतात. छिद्र पाडताना हात जरा तिरका झाला तरी ते तुटतात.

तारेसाठी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जावे. तिथे वार्निश चढवलेली तांब्याची तार गेजप्रमाणे मिळते. २७ गेजची तार सुमारे ०.४२ मिलिमीटर, ३३ गेजची ०.२५ आणि ३६ गेजची ०.१९ मिलिमीटर असते. हे तीन जाडीचे थोडेथोडे वेटोळे अनेक मॉडेलांना पुरते. पातळ पत्र्यासाठी शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा डबा कापावा. त्याची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे प्रमाणात साडेतीन मिलिमीटर, आणि एवढी जाडी चिखलपत्र्यासारख्या भागाला शोभते. याशिवाय ०.५ आणि १ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक शीट लागेल.

डिंक तीन प्रकारचे हवेत, आणि त्यांची कामे वेगळी आहेत. प्लास्टिकचा पातळ सिमेंट दोन प्लास्टिक भागांना विरघळवून एकजीव करतो, पण धातूला तो अजिबात धरत नाही. धातू आणि प्लास्टिक जोडायला सुपर ग्लू लागतो. जिथे जोडावर ताण येणार असेल तिथे दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरावा. सुपर ग्लू हवेतील ओलाव्यामुळे घट्ट होतो. म्हणूनच कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तो फार झटपट पकडतो आणि आजूबाजूला पांढरट धूर बसल्यासारखा थर सोडतो, तर विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तोच थोडा सावकाश काम करतो. पावसाळ्यात तो फार थोडा घ्यावा आणि काम चालू असताना हवा खेळती ठेवावी. तो भरणीसाठी वापरला असेल तर तासाभराच्या आत घासून टाकावा, कारण दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकपेक्षा कठीण झालेला असतो आणि घासताना भोवतालचे प्लास्टिकच आधी झिजते.

पहिली पायरी: हल तयार करणे

सर्व स्प्रू, म्हणजे किटचे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर जुन्या किटवर हमखास असतो, आणि पुढे रंग सुटण्याचे ते एक कारण ठरते.

या किटचे हल खालून पाहिले तर ट्रॅकच्या, म्हणजे चाकांवरच्या साखळीपट्ट्याच्या, वर बाहेर आलेल्या भागाला, म्हणजे स्पॉन्सनला, तळ नसल्याचे दिसते. खालच्या कोनातून पाहताना किंवा टरेट काढल्यावर ही पोकळी लगेच उघडी पडते. जाड कागदाचा नमुना कापून आत बसवून पाहावा, तो बरोबर बसला की त्यावरून ०.५ मिलिमीटरचे शीट कापावे आणि सिमेंटने चिकटवावे. हे काम बाहेरून फारसे दिसणारे नाही, पण बारीक वस्तू लावल्यानंतर ते करणे अशक्य होते, म्हणून ते आधी उरकावे.

त्यानंतर वरचा भाग तपासून कोणत्या वस्तू हलमध्येच ओतलेल्या आहेत ते पेन्सिलने खुणावे. जी कडी किंवा पट्टी पत्र्याला चिकटलेली, खाली पोकळी नसलेली दिसते ती काढून टाकायची आहे. पाते जवळजवळ आडवे धरून पातळ पातळ काप काढावेत, एकाच झटक्यात सगळे उडवू नये. शेवटचा अर्धा मिलिमीटर पॉलिश पेपरने खाली आणावा. छोट्या चौकोनी लाकडी तुकड्याला पॉलिश पेपर चिकटवला, तर सपाट पत्र्यावर खळगा पडत नाही. काढण्यापूर्वी प्रत्येक वस्तूची जागा मोजून वहीत लिहावी किंवा फोनवर वरून व बाजूने छायाचित्र घ्यावे. पत्रा एकदा गुळगुळीत झाला की खुणा परत मिळत नाहीत.

दुसरी पायरी: ओतीव पृष्ठभाग आणि वेल्ड

टरेट आणि पुढच्या नाकावर ओतीव पोत आणण्यासाठी ट्यूबमधली पुट्टी थिनरमध्ये दाट पेंटइतकी पातळ करावी आणि कडक केसांच्या जुन्या ब्रशने टोचत टोचत लावावी. एका वेळी तळहाताच्या एक चतुर्थांशाएवढाच भाग घ्यावा. पूर्ण वाळल्यावर ६०० नंबरच्या पेपरने अगदी हलके घासावे, म्हणजे टोके बसतात आणि खळगे तसेच राहतात. पोत बोटाला जाणवावा, पण एक हात अंतरावरून डोळ्यांना टोचू नये. प्रमाणात पाहिले तर अर्धा मिलिमीटर उंचीचा उंचवटा म्हणजे खऱ्या टरेटवर १७ मिलिमीटरचा दगड झाला, हे विसरू नये.

ओतकामावर कारखान्याची उठावदार अक्षरे आणि अंक असत. त्यांच्यासाठी किटच्या स्प्रूवरचेच उठावदार अंक नव्या पात्याने अतिशय पातळ सोलून काढावेत आणि पातळ सिमेंटच्या एका थेंबाने जागेवर बसवावेत. सिमेंट त्यांच्या कडा थोड्या विरघळवतो, आणि त्यामुळेच ते ओतीव वाटतात. कोणते अंक कुठे येतात हे छायाचित्रावरून ठरवावे.

वेल्डसाठी ओढलेला स्प्रू वापरावा. रिकाम्या स्प्रूचा हातभर तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, फिरवत धरावा. मधला भाग चमकू लागून लवचिक झाला की ज्योतीपासून दूर आणून दोन्ही टोके सरळ ओढावीत. सावकाश ओढले तर जाड दोरा मिळतो, वेगाने ओढले तर केसासारखा बारीक. वेल्डसाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा दोरा जोडावर ठेवावा, त्यावर पातळ सिमेंट दोन-तीन वेळा फिरवावा आणि तो मऊ झाल्यावर पात्याच्या टोकाने एकमेकींच्या जवळ तिरप्या खुणा दाबत जावे. काम खिडकी उघडी ठेवून करावे, आणि मेणबत्ती व सिमेंटची बाटली एकाच टेबलावर कधीही ठेवू नये.

तिसरी पायरी: पकडायच्या कड्या

सगळ्या बाह्य तपशिलांत कड्यांनी मॉडेलचा कायापालट सर्वांत लवकर होतो, म्हणून नवशिक्याने इथे घाई करू नये.

प्रथम तार सरळ करावी. एक टोक पकडीत धरून दुसरे टोक हळू ओढावे. तार किंचित लांबली की तिच्यातील सगळे वळसे जातात आणि ती थोडी ताठही होते. मग कडीच्या दोन पायांमधील अंतराइतकी रुंद प्लास्टिकची पट्टी घ्यावी आणि तार तिच्याभोवती दोन्ही बाजूंनी काटकोनात वाकवावी. अशा रीतीने वाकवलेल्या सगळ्या कड्या एकाच मापाच्या होतात. पाय गरजेपेक्षा तीन-चार मिलिमीटर लांब ठेवावेत.

छिद्रांच्या जागी आधी सुईच्या टोकाने बारीक खूण दाबावी, नाहीतर ड्रिल बिट गुळगुळीत प्लास्टिकवर घसरतो. बिट तारेपेक्षा अगदी थोडा मोठा, म्हणजे ०.४२च्या तारेला ०.४५ किंवा ०.५ मिलिमीटरचा असावा. पिन व्हाइस बोटांत फिरवत, दाब न देता, छिद्र आरपार न्यावे. दोन छिद्रांतील अंतर आणि कडीच्या पायांतील अंतर जुळत नसेल तर कडी ताणून बसवू नये. नवी कडी वाकवणे सोपे असते. ताणून बसवलेली कडी काही दिवसांनी डिंकाची पकड सोडून तिरकी होते.

कडीची उंची सारखी ठेवण्याची युक्ती अशी आहे: साधारण दोन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची पट्टी पत्र्यावर ठेवावी, कडी तिच्यावर टेकेपर्यंत आत ढकलावी आणि हलच्या आतून सुपर ग्लूचा थेंब लावावा. पस्तीसने गुणले तर दोन मिलिमीटरची ही पोकळी ७० मिलिमीटर होते, म्हणजे हातमोजा घातलेला सैनिकाचा हात तिच्यात मावतो. डिंक बाहेरून लावला तर तो पायाशी गोळा होतो आणि वेल्डसारखा न दिसता डागासारखा दिसतो. डिंक पक्का झाल्यावर आतले जादा पाय कापून टाकावेत, आणि बाहेर प्रत्येक पायाभोवती पातळ पुट्टीचे अगदी लहान कडे टूथपिकच्या टोकाने द्यावे. हे कडे म्हणजेच वेल्ड. ते नसेल तर तार पत्र्यात खोचलेली दिसते. ते दिले की कडी रणगाड्याची होते.

टरेट आणि हलवरच्या उचलण्याच्या कड्या मात्र जाड असतात. त्यांच्यासाठी किटमधील भाग टिकवून फक्त मधले छिद्र मोठे करावे आणि कडा गोल कराव्यात. पूर्ण नवी कडी करण्याइतका फरक पडत नाही.

चौथी पायरी: दिवे आणि त्यांची गार्ड

दिव्याचे गार्ड म्हणजे वाकवलेल्या सपाट लोखंडी पट्ट्या, ज्यांचे पाय हलला वेल्ड केलेले असत. पट्टी पाच-सहा मिलिमीटर जाड धरली तर मॉडेलवर ०.१५ मिलिमीटरच्या आसपास येते. इतकी पातळ पट्टी करायला दोन मार्ग आहेत. तयार फोटो-एच संच, म्हणजे रसायनाने कोरून काढलेल्या पातळ धातूच्या भागांचा संच, घेतला तर पितळी भाग काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवून वक्र पात्याने दाबून कापावेत, जोडाचे उरलेले कोंब बारीक कानसीने घासावेत आणि मगच वाकवावेत. पितळ ताठ असेल तर मेणबत्तीवर किंवा लायटरवर रंग बदलेपर्यंत तापवून आपोआप थंड होऊ द्यावे. ते मऊ होते आणि गोल वळणावर मोडत नाही. जे भाग सरळ आणि ताठ राहायला हवेत ते मात्र तापवू नयेत.

संच घ्यायचा नसेल तर शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्यातून स्टीलच्या पट्टीला टेकवून एका सपाट्यात पट्ट्या कापाव्यात. किटमधील जाड गार्ड फेकून देऊ नये: त्याच्या बाहेरच्या बाजूवरून कागदाचा नमुना काढावा आणि तोच साचा म्हणून वापरून पट्टी वाकवावी. प्रत्येक पट्टीचा पाय जिथे हलला टेकतो तिथे आधी ०.३ मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि पट्टीचे टोक निमुळते करून त्यात शिरवावे. सपाट धातू सपाट प्लास्टिकवर नुसता चिकटवला तर तो पहिल्याच धक्क्याला निघून येतो. सर्व पाय जागेवर आल्यावर सुईच्या टोकाने सुपर ग्लू पोचवावा आणि वर पुट्टीच्या बारीक रेघेने वेल्ड दाखवावा.

दिव्याबाबत एक सुंदर बारकावा आहे. शेर्मनचा हेडलाइट खोबणीतून उचलून काढता येत असे. तो काढला की त्या छिद्रात एक बूच बसवले जाई, आणि दिवा लावलेला असताना ते बूच गार्डजवळच्या धारकात ठेवलेले असे. म्हणून दिव्यासह मॉडेल करताना हे छोटे बूच धारकात दाखवावे, आणि दिव्याशिवाय करताना ते हलच्या छिद्रात बसवावे. मला दिव्याशिवायचा पर्याय अधिक आवडतो, कारण रिकामे गार्ड, त्यातील बूच आणि पट्ट्यांचे वेल्ड हे सगळे स्पष्ट दिसते. दिवा ठेवायचाच असेल तर त्याचा पुढचा भाग ड्रिलने खोलगट करावा, आत चंदेरी रंग द्यावा आणि रंगकाम पूर्ण झाल्यावर पारदर्शक इपॉक्सीचा थेंब सोडून काच करावी.

पेरिस्कोपवरची गार्डही याच पद्धतीने, पण ०.४ मिलिमीटरच्या गोल तारेतून करावीत. लहान वळणे एकसारखी येण्यासाठी तार ड्रिल बिटच्या दांड्याभोवती वळवावी.

चिखलपत्रे आणि वाळूपत्र्यांची पट्टी

चिखलपत्र्याची दिसणारी कडच पातळ करणे पुरेसे असते. आतल्या बाजूने पात्याने तिरका उतार काढून कड कागदासारखी करावी. वरून जाडी दिसतच नाही. खऱ्या शेर्मनवर ट्रॅकवरचे लांब वाळूपत्रे अनेकदा काढून टाकलेले असत आणि हलच्या बाजूला त्यांना बोल्ट लावण्याची छिद्रांची पट्टी तेवढी उरत असे. ती शीटची अरुंद पट्टी कापून, समान अंतरावर छिद्रे पाडून लावावी. छिद्रे पट्टी लावण्यापूर्वी पाडावीत.

पाचवी पायरी: हत्यारे आणि त्यांचे पट्टे

फावडे, कुऱ्हाड, पहार, घण आणि टिकाव ही हत्यारे शेर्मनच्या इंजिनाच्या डेकवर आणि मागच्या पत्र्यावर बांधलेली असत. त्यांच्या नेमक्या जागा कारखान्यानुसार थोड्या बदलतात. ती कशाने बांधलेली होती हे मात्र महत्त्वाचे आहे, आणि इथेच देशादेशांतला फरक दिसतो. जर्मन रणगाड्यांवर हत्यारे धातूच्या खटक्याच्या पकडींत अडकवलेली असत. अमेरिकी रणगाड्यांवर डेकला लहान धातूची कडी स्क्रूने बसवलेली असे, तिच्यातून पट्टा ओवून तो हत्याराच्या दांड्यावरून फिरवून बकलमध्ये आवळला जाई. शेर्मनवर जर्मन पद्धतीच्या पकडी लावलेल्या मी पाहतो तेव्हा वाईट वाटते, कारण करणाऱ्याने मेहनत पुष्कळ घेतलेली असते.

किटमधील हत्यारांच्या दांड्यांवर पट्टे ओतलेले असतील तर ते काढून दांडा गोल घासावा. साच्याची रेघ दांड्यावर नेहमी असते. पात्याची धार उभी धरून खरवडली की ती जाते. फावड्याच्या पात्याची कड मागच्या बाजूने पातळ करावी.

कड्यांसाठी ०.२ मिलिमीटरची तार घ्यावी, ती गुळगुळीत पृष्ठभागावर ठेवून पकडीच्या सपाट बाजूने किंचित चपटी करावी, आणि सव्वा मिलिमीटर रुंदीच्या उलट्या यू आकारात वाकवून डेकमधील ०.३ मिलिमीटरच्या छिद्रांत बसवावी. पट्ट्यासाठी मास्किंग टेप उत्तम: त्याची जाडी ०.१ मिलिमीटरच्या जवळपास असते, आणि ०.७ मिलिमीटर रुंदीची पट्टी धारदार पात्याने काचेवर सहज कापता येते. पट्टा कडीतून ओवावा, दांड्यावर आणावा, आणि बकलच्या जागी ३६ गेजच्या तारेची अगदी लहान चौकट किंवा फोटो-एचचे बकल घालून मोकळे टोक दोन-तीन मिलिमीटर सैल सोडावे. हे सैल टोक सगळ्यांत बोलके असते. खरा पट्टा कधीच अचूक मापाचा नसतो. शेवटी पट्ट्यावर पातळ सुपर ग्लू टेकवला की टेप ताठ होतो आणि रंग नीट धरतो.

हत्यारे मॉडेलवर कायमची चिकटवण्याआधी कड्या आणि पट्ट्यांची जागा कोरडी जुळवून पाहावी, पण प्रत्यक्ष जोडणी रंगकामानंतर करावी. लाकडी दांडे आणि लोखंडी टोके वेगळी रंगवलेली असली की रंग स्वच्छ बसतो, आणि ओढलेले पट्टे रंगाच्या थराखाली दबत नाहीत.

ओढदोर

शेर्मनचा पोलादी ओढदोर सहसा हलच्या डाव्या बाजूने धारकांत बांधलेला असतो. किटमधील दोरीला रोम असतात आणि पोलादाचे वजन तिच्यात दिसत नाही. साध्या लवचिक वायरमधले तांब्याचे बारीक तंतू घ्यावेत, त्यांच्या दोन-तीन लडी एका टोकाला पकडीत धरून दुसरे टोक हातड्रिलच्या चकमध्ये अडकवून पीळ द्यावा, आणि जाडी ०.७ मिलिमीटर झाली की थांबावे. मग दोर ज्योतीवरून एकदा फिरवून मऊ करावा. आता तो जिथे ठेवाल तिथे पडून राहतो, हवेत उचलला जात नाही. खरा दोर इतका जड असतो की धारकांच्या मधे तो पत्र्यावर टेकतो किंवा खाली झुकतो. दोन्ही टोकांचे फासे किटचेच वापरावेत, फक्त त्यांच्या मागे ०.७ मिलिमीटरचे छिद्र खोल पाडून दोर इपॉक्सीने आत बसवावा.

मशीनगन आणि अँटेना

टरेटवरच्या मशीनगनच्या नळीचे तोंड ०.३५ मिलिमीटरच्या बिटने दोन मिलिमीटर खोल करावे. बाहेरून बघणाऱ्याला एवढेच पुरते. गोळ्यांच्या पेटीच्या कडा पातळ कराव्यात. अँटेनासाठी सावकाश ओढलेला, टोकाकडे निमुळता होणारा स्प्रू तारेपेक्षा चांगला, कारण तो धक्का लागला तर वाकत नाही, सरळ तुटतो आणि पुन्हा करता येतो.

प्रायमर, रंग आणि अखेरची जोडणी

हलवर वेल्ड, कड्या, गार्ड, पट्ट्यांच्या कड्या आणि ओढदोराचे धारक बसल्यावर सगळे मॉडेल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने हलके पुसून प्रायमर मारावा. तांब्याच्या तारेवरचे वार्निश वापरण्यापूर्वी पॉलिश पेपरने घासलेले असावे, नाहीतर रंग हाताच्या स्पर्शाने सुटतो. राखाडी प्रायमरखाली सगळे साहित्य एका रंगाचे होते आणि राहिलेल्या फटी, डिंकाचे डाग व वाकडी कडी लगेच दिसतात. ही दुरुस्ती याच वेळी करावी, आणि पुन्हा पातळ प्रायमर द्यावा. पावसाळ्यात लॅकर रंग पांढरट पडण्याची भीती असते, त्यामुळे त्या दिवसांत कोरड्या दुपारची वाट पाहावी किंवा पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग वापरावेत.

मूळ हिरवा रंग आणि डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, झाल्यावर चाके व ट्रॅक बसवावेत, मग ओढदोर, मग हत्यारे त्यांच्या पट्ट्यांसह, मग मशीनगन, आणि सर्वांत शेवटी अँटेना. किटमधील ट्रॅक मऊ व्हिनाइलचे आहेत. बांधेपर्यंत ते चाकांच्या किंवा इतर कोणत्याही प्लास्टिक भागांच्या संपर्कात ठेवू नयेत, कारण व्हिनाइलमधील मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू पॉलिस्टायरीन विरघळवते आणि डब्यात वर्षभर एकत्र राहिलेल्या चाकांवर त्याचे खळगे पडतात. ते वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावेत, आणि बसवण्यापूर्वी चाकांच्या रंगाला पूर्ण वाळू द्यावे.